कूळ लागू न देता तेलाचं लीज : टेक्सासमधल्या नव्या खनिजमालकांसाठी

ओळखीतल्या मराठी घरांमधून मला अधूनमधून एकाच धाटणीचे फोन येतात. "अगं, आपल्या त्या जमिनीबद्दल कुठल्याशा तेल कंपनीचं पत्र आलंय. सोबत चेकसारखं काहीतरी जोडलंय. सही करू का?" ह्यूस्टनपासून दीड-दोन तासांवर कुणी दहा, कुणी चाळीस एकर घेऊन ठेवलेली असते. शनिवार-रविवारी जायला एक शेड, चार शेळ्या, आणि दर थंडीत मरणारी आंब्याची दोन रोपं. जमिनीखाली काय आहे याचा विचार घेताना कुणीच केलेला नसतो.

मी वकील नाही. आम्ही तीन कुटुंबांनी मिळून फेयेट काउंटीत चाळीस एकर घेतली, पहिल्या लीजच्या वेळी तोंडघशी पडलो आणि दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी सौदा केला, एवढीच माझी पात्रता. खालचं सगळं टेक्सासपुरतं आहे. शेजारच्या लुईझियानात खनिजहक्क जमिनीपासून वेगळे ठेवले आणि दहा वर्षं वापरले नाहीत तर ते पुन्हा जमीनमालकाकडे जातात. ओक्लाहोमात तुम्ही सही केली नाही तरी सरकारी आयोगाच्या आदेशाने तुमचा हिस्सा तेलविहिरीत ओढला जाऊ शकतो. तेव्हा तिथली जमीन असेल तर तिथलाच वकील गाठा.

सगळ्यात आधी : लीज आहे की विक्री?

पाकीट उघडलं की रकमेकडे बघू नका, शीर्षकाकडे बघा. 'ऑइल अँड गॅस लीज' म्हणजे भाडेपट्टा. 'मिनरल डीड' किंवा 'रॉयल्टी डीड' म्हणजे खरेदीखत, कायमची विक्री. दोन्हींची पत्रं सारखीच दिसतात आणि दोन्हींसोबत पैशांचा कागद जोडलेला असतो. विक्री असेल तर तसं ठळक अक्षरात लिहिण्याची सक्ती टेक्सासच्या कायद्यात आहे, पण ठळक अक्षरं वाचणाऱ्यालाच दिसतात. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी लीज समजून अर्ध्या हक्कांचं खरेदीखत नोटरीसमोर नेलं होतं. नोटरी बाईंनीच विचारलं, "विकताय का?" म्हणून वाचले.

तुमचं नक्की काय आहे?

आपल्या डोक्यात सातबारा असतो, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार जमिनीतली खनिजं राज्य सरकारची. मुंबई हायला तेल लागलं म्हणून अलिबागच्या कुणा वाडीवाल्याला चेक आला नाही. अमेरिकेत उलटं आहे. जमिनीखालचं तेल खासगी मालकीचं असू शकतं, आणि वरची जमीन एकाची तर खालची खनिजं दुसऱ्याची, असे दोन स्वतंत्र हक्क असू शकतात. वरचा तो 'सरफेस', खालचा तो 'मिनरल'. ह्यूस्टनच्या उपनगरात घर घेतलेल्या बहुतेकांकडे फक्त सरफेस असतो. विकणाऱ्याने किंवा त्याच्या आजोबाने खनिजं कधीच बाजूला काढून ठेवलेली असतात.

म्हणून काउंटी क्लार्कच्या कचेरीतले दस्त बघायचे. हल्ली बऱ्याच काउंट्यांचे दस्त ऑनलाइन दिसतात, पण मी म्हणेन एकदा प्रत्यक्ष जा. ला ग्रेंजला, म्हणजे फेयेट काउंटीच्या मुख्य गावी, आम्ही गेलो तेव्हा एका जाडजूड रजिस्टरमध्ये १९५० च्या दशकातलं खरेदीखत सापडलं. विकणाऱ्याने "निम्मी खनिजं मी राखून ठेवतो" असं एका ओळीत लिहिलेलं. त्या एका ओळीने आमच्या चाळीस एकरांची खनिजात वीस एकर झाली. इथले लोक याला 'नेट मिनरल एकर' म्हणतात. आपल्याकडच्या सामाईक खात्यातली आणेवारीच ती.

जुन्या दस्तांत मोजमाप 'व्हारा'त असतं. नाव कापड मोजायच्या आपल्या 'वार' या मापाचा चुलतभाऊ वाटावा असं; टेक्सासचा व्हारा म्हणजे ३३ आणि एक तृतीयांश इंच. ते आकडे वकिलावर सोडा. तुम्ही अपूर्णांकांवर लक्ष ठेवा. जुन्या खतांत "एक अष्टमांशाचा निम्मा" अशी वाक्यं येतात. सरळ गुणाकार केला तर एक सोळांश. पण त्या काळी रॉयल्टी, म्हणजे मालकाचा उत्पन्नातला वाटा, कायम एक अष्टमांशच असायची, त्यामुळे लोक 'एक अष्टमांश' हा शब्दच 'सगळी खनिजं' या अर्थाने वापरत. १९२४ च्या अशाच एका खतावरून वाद टेक्सासच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये कोर्टाने म्हटलं की तिथे अर्थ निम्मी खनिजं असाच धरायचा. एका अपूर्णांकासाठी जवळजवळ शंभर वर्षं! तुमच्या खतात असं काही दिसलं तर स्वतः अर्थ लावू नका.

आणखी एक तपासा : लीजवर सही करण्याचा हक्क तुमचाच आहे ना? तो हक्कही वेगळा काढता येतो. काहींकडे फक्त रॉयल्टी येते, सौदा करणारा दुसराच असतो.

दारात आलेला माणूस

त्याला 'लँडमन' म्हणतात. बहुतेक वेळा तो सभ्य, गप्पिष्ट आणि घाईत असतो. तो कंपनीच्या बाजूने काम करतो, आणि अनेकदा ज्या कंपनीचं नाव सांगतो तिच्याचसाठी करतो असंही नाही. मध्यस्थ लीज गोळा करून मोठ्या कंपनीला विकतात. विचारायला लाजू नका : "विहीर खणणार कोण? की लीज पुढे विकणार?"

"ऑफर शुक्रवारपर्यंतच आहे" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. शुक्रवार पुन्हा येतो. मात्र ही गंमत फार ताणू नका, कारण बाजार खरोखर उलटतो. २००८ च्या उन्हाळ्यात फोर्ट वर्थच्या आसपास बोनस (सही करताना मिळणारी एकरकमी रक्कम) एकरी २० हजार डॉलरच्या वर गेला होता. वस्त्यावस्त्यांतले लोक एकत्र येऊन आणखी वाढवून मागत होते. शरद ऋतूत भाव कोसळले आणि कंपन्यांनी ऑफर गुंडाळल्या. ज्यांनी सह्या केल्या त्यांना पैसे मिळाले, ज्यांनी अजून थोडं थांबू म्हटलं त्यांना आठवणी.

मधला मार्ग म्हणजे माहिती. टेक्सास रेलरोड कमिशनच्या संकेतस्थळावर नकाशा आहे. (नावावर जाऊ नका. १८९१ मध्ये रेल्वेसाठी स्थापन झालेली ही संस्था आता तेल-गॅसचं बघते, रेल्वेचं काहीच नाही.) त्यात आसपासच्या विहिरी आणि खणायचे परवाने दिसतात. तुमच्या कुंपणापासून मैलभरावर तीन नवे परवाने निघाले असतील तर लँडमनला तुमची गरज आहे. दहा मैलांत काही नसेल तर तो जुगार खेळतोय, आणि तुम्हीही तुमची अपेक्षा त्या बेताची ठेवा. शेजाऱ्यांना विचारा. मराठी माणसाला पगार विचारायला संकोच वाटतो, पण इथला शेतकरी बोनसचा आकडा कोलाचे (इथले गोड पाव) खाता खाता सांगून टाकतो.

पागडी आणि वाटा

लीजमध्ये पैसे दोन वाटांनी येतात. सही करताना एकरकमी मिळतो तो बोनस. आपल्या भाषेत पागडी. तेल निघालं तर उत्पन्नातला हिस्सा मिळतो ती रॉयल्टी, म्हणजे जमीन वाट्याने लावण्यासारखंच, फक्त खर्चात तुमचा वाटा नाही. निदान नसायला हवा. त्यावर पुढे येतेच.

रॉयल्टी पूर्वी एक अष्टमांश असे, १२.५ टक्के. आता तीन सोळांश, एक पंचमांश आणि चांगल्या भागात एक चतुर्थांशपर्यंत मिळते. नवखा माणूस बोनसवर घासाघीस करतो आणि रॉयल्टीचा आकडा छापलेला आहे म्हणून सोडून देतो. जरा हिशेब करून बघा.

समजा वीस नेट एकर आहेत आणि कंपनीने आसपासच्या जमिनी एकत्र धरून ६४० एकरांचं युनिट केलं. वीस भागिले ६४०, म्हणजे ०.०३१२५. ही झाली तुमची युनिटमधली आणेवारी. समजा महिन्याला १० हजार बॅरल तेल निघालं आणि भाव ७० डॉलर, म्हणजे सात लाख डॉलर. एक अष्टमांश रॉयल्टीने तुम्हाला करापूर्वी २,७३४ डॉलर येतील. तीन सोळांशाने ४,१०१. एक चतुर्थांशाने ५,४६८. आता बोनस एकरी शंभर डॉलरने वाढवून घेतलात तर वीस एकरांचे जास्तीचे मिळतात दोन हजार, तेही एकदाच. विहीर लागली तर एक अष्टमांश आणि एक चतुर्थांश रॉयल्टीतला फरक पहिल्याच महिन्यात त्याच्या पुढे जातो.

हल्लीच्या आडव्या विहिरींचं (खोल जाऊन जमिनीखाली आडव्या वळणाऱ्या) उत्पादन पहिल्या वर्षात धो-धो येतं आणि मग झपाट्याने घसरतं, तेव्हा पहिल्या महिन्याचा चेक बघून टेस्ला बुक करू नका. विहीर लागेलच याचीही खात्री नाही. कित्येक लीज एकही भोक न पडता संपतात आणि तिथे हाती राहतो तो बोनसच. म्हणून बोनस सोडायचा नाही, पण खरी कुस्ती रॉयल्टीवर आणि पुढच्या कलमांवर करायची.

कूळ कसं लागतं

आता मुख्य गोष्ट. माझ्या आजोबांच्या पिढीत जमीन कसायला देताना एकच धास्ती असे : कूळ लागेल. एकदा कूळ लागलं की जमीन गेली. कूळकायद्यामागे न्याय होता, तो वाद इथला नाही, पण ती धास्ती अनेक मराठी घरांत अजून मुरलेली आहे. गंमत म्हणजे तीच माणसं टेक्सासमध्ये तेलाच्या लीजवर डोळे झाकून सही करतात, कारण वर लिहिलेलं असतं 'मुदत तीन वर्षे'.

ती तीन वर्षं फक्त 'प्रायमरी टर्म' असते. वाक्य पुढे वाचा : "...आणि त्यानंतर जोवर तेल किंवा गॅस किफायतशीर प्रमाणात निघत राहील तोवर." एवढ्या शेपटीवर लीज तीस-चाळीस वर्षं चालतं. याला म्हणतात 'हेल्ड बाय प्रॉडक्शन'. मी म्हणते, कूळ लागलं. आणि 'किफायतशीर' म्हणजे भरपूर नव्हे. रोजचा खर्च भागून किंचित उरलं तरी भागतं.

ते कधीच लागू नये असं नाही. तेल निघतंय तोवर कंपनीने राहावं, तुम्हालाही चेक येतो. पण जेवढं कसते तेवढंच धरावं. बिनसुधारलेल्या छापील नमुन्यात तसं नसतं. समजा तुमच्या चाळीस एकरांपैकी कोपऱ्यातली पाच एकर युनिटमध्ये गेली. छापील लीजनुसार त्या पाच एकरांवरच्या उत्पादनाने चाळीसच्या चाळीस एकर अडकतात. पैसे मात्र पाच एकरांचे. यावरचा उतारा म्हणजे 'प्यू क्लॉज'. लुईझियानातल्या एका वकिलाच्या आडनावावरून ते नाव पडलं. हे कलम असेल तर प्रायमरी टर्म संपल्यावर युनिटबाहेरची पस्तीस एकर मोकळी होतात आणि ती दुसऱ्या कुणाला देता येतात.

हे झालं आडवं. उभंही असतं, आणि आमच्या भागात तर हेच जास्त महत्त्वाचं. फेयेट, ली या काउंट्यांत ऑस्टिन चॉक नावाचा खडकाचा थर आहे, त्यात १९८० आणि ९० च्या दशकांत खूप विहिरी खणल्या गेल्या. त्याच्या खाली ईगल फोर्ड. तेव्हा ईगल फोर्डकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. २००८ नंतर त्याचं सोनं झालं, आणि तेव्हा कित्येक मालकांच्या लक्षात आलं की वरच्या चॉकमधली जुनी विहीर अजून थेंबथेंब चालू आहे, म्हणून खालचा थरही जुन्याच लीजमध्ये, जुन्याच एक अष्टमांश किंवा तशाच रॉयल्टीवर अडकलाय. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू तळघराचीही किल्ली घेऊन बसावा तसं. म्हणून खोलीचा प्यू क्लॉज मागा : उत्पादन देणाऱ्या सगळ्यात खोल थराच्या तळापासून शंभर फुटांच्या खालचं सगळं मालकाकडे परत. 'शंभर फूट' हा आकडा नेहमीचा आहे, लँडमन दचकत नाही.

याच वर्गातली आणखी तीन कलमं. 'शट-इन' : विहीर तयार आहे पण बंद ठेवली, तर कंपनी किरकोळ रक्कम भरून लीज जिवंत ठेवू शकते. जुन्या नमुन्यांत ही रक्कम एकरी एक डॉलर वर्षाला असते. ती वाढवा, आणि सलग दोन वर्षांहून जास्त नाही अशी मर्यादा घाला. 'एक्स्टेन्शन' : आणखी दोन वर्षं वाढवून घेण्याचा हक्क कंपनी मागते. द्यायचाच तर दुसऱ्या बोनसचा आकडा आजच लिहून घ्या, पहिल्याहून कमी नको. आणि 'कंटिन्युअस ड्रिलिंग' : एक विहीर खणून कंपनीने हातावर हात ठेवून बसू नये म्हणून. वीस-चाळीस एकरवाल्याला हे शेवटचं सहसा मिळत नाही. आम्ही मागितलं, त्यांनी हसून नाही म्हटलं, आम्ही सोडून दिलं.

शेजारच्या आजोबांचा स्टब

रॉयल्टी २५ टक्के, पण कशाचे?

आमच्या कुंपणापलीकडे चेक (युरोपातल्या चेक लोकांच्या) वंशाचे एक आजोबा राहतात. एकाच युनिटमध्ये आम्ही दोघं. एका रविवारी त्यांनी रॉयल्टीच्या चेकसोबत येणारा हिशेबाचा कागद, म्हणजे स्टब, माझ्या स्टबशेजारी टेबलावर ठेवला. तीच विहीर, तोच महिना, तोच गॅसचा भाव. माझ्या गॅसच्या ओळीखाली एकच वजावट होती, राज्याचा कर. त्यांच्याखाली पाच : कर, गॅदरिंग, कॉम्प्रेशन, ट्रीटिंग, ट्रान्सपोर्ट. चष्मा वर करून ते म्हणाले, "माझा गॅस माझ्याहून जास्त प्रवास करतो."

टेक्सासमध्ये राज्याचा उत्पादन कर तेलावर ४.६ टक्के आणि गॅसवर ७.५ टक्के. तो तुमच्या हिश्शातून जाणारच. पण बाकीचे चार खर्च म्हणजे विहिरीच्या तोंडापासून बाजारापर्यंत माल नेण्याचे आणि तो शुद्ध करण्याचे. ते कोणी सोसायचे हे फक्त लीजमधल्या शब्दांवर ठरतं. छापील नमुन्यात रॉयल्टी 'विहिरीच्या तोंडाशी असलेल्या बाजारभावावर' देतात. त्याचा अर्थ : बाजारात विकून आलेल्या किमतीतून तिथपर्यंतचा खर्च वजा करायचा, मग टक्का काढायचा.

यात एक खुबी आहे जी मला पहिल्यांदा कळलीच नव्हती. "कोणतीही वजावट करू नये" असं वाक्य घातलं की झालं, असं वाटतं. नाही झालं. १९९६ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने अशाच एका लीजबद्दल सांगितलं की रॉयल्टी 'विहिरीच्या तोंडाशी' मोजायची असेल तर तिथे वजावट अशी काही उरतच नाही, त्यामुळे ते वाक्य निरुपयोगी. मालकांनी वाक्य घातलं होतं, तरी हरले. २०१५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात कराराची भाषा वेगळी होती आणि मालक जिंकले. तेव्हा दोन्ही जागा दुरुस्त करा : रॉयल्टी विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या एकूण किमतीवर मोजायची, 'ॲट द वेल' म्हणजे 'विहिरीच्या तोंडाशी' हे शब्द सगळीकडून काढायचे, आणि मग वजावटबंदीचं वाक्य. हे मसुद्याचं काम वकिलाचंच. टेक्सासमध्ये तेल, गॅस व खनिज कायद्याचं प्रमाणपत्र असलेले खास वकील असतात. घराची कागदपत्रं करणारा ओळखीचा वकील इथे चालत नाही. दोन-तीन तासांची फी जाते. आजोबांच्या त्या चार ओळींपुढे ती काहीच नाही.

वरची जमीनही तुमची असेल तर

टेक्सासमध्ये खनिजाचा हक्क वरचढ मानला जातो. तेल काढायला वाजवी लागेल तेवढी वरची जमीन कंपनी वापरू शकते, तुमची परवानगी न घेता. म्हणून लीज हीच अटी घालायची एकमेव सोयीची वेळ. लहान तुकडा असेल तर सरळ 'जमिनीवर पाऊल नाही' हे कलम मागा. आडवी विहीर शेजारच्या मोठ्या रानातून खणून तुमच्या खालून जाते, त्यामुळे कंपनी पुष्कळदा हो म्हणते. आम्ही ते मिळवलं, म्हणून शेड आणि शेळ्या जागेवर आहेत. ते नसेल मिळत तर घरापासून अंतर, रस्ता कुठून, फाटकाशी कॅटल गार्ड (गुरं ओलांडू शकत नाहीत अशी जाळी), तळ्याच्या आणि बोअरच्या पाण्याला हात नाही, काम झाल्यावर जमीन पूर्ववत, हे सगळं लिहून घ्या. तोंडी "काळजी करू नका मॅडम" चालत नाही.

छापील नमुना आणि जोडपत्र

लँडमन कागद पुढे सरकवून म्हणेल, "हा स्टँडर्ड फॉर्म आहे." डोक्यावर लिहिलेलं असेल 'प्रोड्यूसर्स ८८'. या नावाला काही अर्थ नाही. त्याच शीर्षकाखाली शेकडो वेगवेगळे मजकूर छापले गेलेत. मेथीची जुडी घेताना दोन रुपयांवर हुज्जत घालणारे आपण, छापलेलं इंग्रजी दिसलं की एकदम आज्ञाधारक होतो. छापील मजकूर खोडता येतो. रिवाज असा की नमुना तसाच ठेवून मागे जोडपत्र लावायचं, त्यात आपल्या अटी, आणि पहिलीच ओळ अशी : नमुना आणि जोडपत्र यांत विरोध आला तर जोडपत्र खरं.

नमुन्यातून काय खोडाल? मालकीची हमी देणारं 'वॉरंटी' कलम. आपल्या दस्तात काय घोळ निघेल आपल्याला माहीत नाही, ती हमी आपण कशाला द्यायची? आणि 'मदर हबर्ड' नावाचं कलम, जे वर्णनाबाहेरचे तुमच्या मालकीचे तुकडेही लीजमध्ये ओढतं. ते निदान अरुंद पट्ट्यांपुरतं करून घ्या.

सही आणि पैसे एकाच वेळी

आमची फजिती इथे झाली. ऑक्टोबर २०१४. लँडमन घरी आला, चहा घेतला, आम्ही नोटरीकडून आणलेलं लीज त्याला दिलं आणि त्याने एक छान छापलेला कागद दिला, वर रक्कम. आम्ही तो चेक समजलो. तो 'ड्राफ्ट' होता, आणि इथला हा ड्राफ्ट म्हणजे आपल्या बँकेचा डिमांड ड्राफ्ट नव्हे. आपला डीडी म्हणजे पैसे आधीच भरलेले. हा कागद म्हणजे "तीस बँक-दिवसांत, आमची मालकीची तपासणी समाधानकारक झाली तर देऊ" असं आश्वासन. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तेल शंभर डॉलरच्या वर होतं आणि पुढच्या जानेवारीत पन्नासच्या खाली. ड्राफ्ट न वटता परत आला. दरम्यान आमचं लीज मात्र काउंटीत नोंदवून झालं होतं. म्हणजे पैसे नाहीत आणि जमीनही अडकलेली. ते लीज सोडल्याची नोंद करून घ्यायला चार महिने आणि वकिलाची तीन पत्रं लागली.

दुसऱ्या वेळी, २०१८ मध्ये, आम्ही सांगितलं : मालकी आधी तपासा, लागेल तेवढा वेळ घ्या, मग बँकेतून पैसे पाठवा, पैसे दिसले की मूळ प्रत मिळेल. कुरकुर झाली, पण झालं तसंच. ड्राफ्टच घ्यावा लागला तर लीज हातात न देता बँकेमार्फत वसुलीला लावा आणि लीजमध्येच लिहा की बोनस हाती पडेपर्यंत हे लागू नाही. कंपनी पुष्कळदा पूर्ण लीज न नोंदवता 'मेमोरँडम' (लीजचा गोषवारा) नोंदवते. त्यावरही तुमची सही लागते, आणि त्यातली जमीन व मुदत लीजशी जुळते का ते ताडून बघा.

विहीर लागल्यावर

'डिव्हिजन ऑर्डर' नावाचा कागद येतो. त्यावर तुमचा हिस्सा आठ दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो. वरच्या उदाहरणात एक चतुर्थांशाने तो ०.००७८१२५० यायला हवा. स्वतः गुणाकार करा. आमचा पहिल्यांदा निम्मा आला होता, कारण कुणीतरी अर्धी खनिजं दोनदा वजा केली. फोन केल्यावर दुरुस्त झाला. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे पहिली विक्री झाली त्या महिन्याअखेरीपासून १२० दिवसांत पहिला पैसा यायला हवा, पुढे तेलाचा ६० आणि गॅसचा ९० दिवसांत. डिव्हिजन ऑर्डरमध्ये लीजच्या अटी बदलणारा मजकूर घुसलेला असेल तर खोडून परत पाठवा.

कर तीन ठिकाणी : राज्याचा स्टबवरच कापला जातो, काउंटीचा मालमत्ता कर उत्पादन सुरू झाल्यावर दरवर्षी येतो, आणि संघराज्याचा आयकर. आयकरात रॉयल्टीवर साधारणपणे १५ टक्क्यांची 'डिप्लीशन' सूट मिळते. बोनसवर ती १५ टक्क्यांची सूट नाही. सीपीएला हे आठवण करून द्यावं लागतं, विशेषतः तो तेलाच्या गावचा नसेल तर.

निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक न राहता भारतात स्थायिक झालात की रॉयल्टीच्या एकूण रकमेतून एरवी ३० टक्के कापले जातात. निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडता येतो, पण तो मागावा लागतो. भारतातल्या विवरणपत्रात ही परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. आणि मालकाच्या पश्चात पुण्यातलं मृत्युपत्र काउंटी क्लार्कला आपोआप कळत नाही. वारसांचे कागद त्या काउंटीत नोंदवेपर्यंत कंपनी पैसे राखून ठेवते. आपल्या फेरफारासारखंच, फक्त तलाठी सात समुद्रापार.

विहीर लागली नाही तर प्रायमरी टर्म संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. त्या तारखेनंतर कंपनीला पत्र लिहून 'रिलीज' (लीज सोडल्याचा कागद) मागा आणि तो काउंटीत नोंदवून घ्या. तुमच्या मते संपलेलं लीज पुढच्या लँडमनला नोंदीत उघडं दिसलं, तर तो तुमच्या फाटकापर्यंत येतच नाही.